जस्ताची पट्टी आणि घाटघरचा पाऊस

आढ्यावर जस्ताची पट्टी ठोकली की छपरावर शेवाळ धरत नाही, हे मत अलीकडे चांगलंच रुजलं आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती एखादं नवं रिसॉर्ट किंवा मुंबई-नाशिककराचा सुट्टीतला बंगला उभा राहतो. उतरत्या स्लॅबवर डांबरी शिंगल बसते आणि तिच्या जोडीला हा सल्लाही येतो: आढ्याच्या दोन्ही अंगांना पट्टी मारून घ्या, मग छपराकडे बघायला नको. ते ऐकून शेजारचा कौलारू घराचा मालकही विचारू लागतो, आपणही मारावी का एक पट्टी?

या मताच्या पोटात दोन विधानं आहेत. एक, शेवाळ हा छपराचा शत्रू आहे. दोन, जस्त हे त्याच्यावरचं औषध आहे. पहिलं विधान आपल्याकडे अर्धंच खरं आहे. दुसरं रसायनशास्त्रात खरं असलं तरी घाटमाथ्याच्या पावसात तोकडं पडतं. दोन्हींची झडती घेण्याआधी समोरच्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती मुळीच पोकळ नाही.

पूर्वपक्ष

पट्टीच्या बाजूने पहिला पुरावा डोळ्यांनी दिसणारा आहे. अमेरिकेत शिंगलच्या छपरावर धुराड्याभोवती जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बसवतात. आजूबाजूचं सगळं छप्पर हिरवं-काळं पडलेलं असतं, पण त्या पत्र्याच्या खाली उताराच्या दिशेने एक स्वच्छ पट्टा उमटलेला असतो. पट्टी विकणारे याच दृश्याकडे बोट दाखवतात. आपल्याकडेही नव्या पांढऱ्या पत्र्यावर शेवाळ सहसा धरत नाही आणि शेजारच्या कौलावर धरतं, हे कुणीही पाहून घ्यावं.

दुसरा पुरावा रसायनाचा. उघड्यावर पडलेल्या जस्तावर ऑक्साइड आणि कार्बोनेटचा करडा थर चढतो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. ते या थरातून थोडं थोडं जस्त सोडवून खाली नेतं. जस्ताचे हे कण वनस्पतीला अत्यल्प प्रमाणात हवेच असतात, पण प्रमाण वाढलं की पेशींमधल्या एन्झाइमांचं काम बिघडवतात. शेवाळाला मुळं नाहीत, पानांवर मेणाची जाड साय नाही. ते अंगावरून वाहणारं पाणी थेट पेशींत घेतं. त्यामुळे गवताला काही होणार नाही एवढ्या जस्तानेही शेवाळ बेजार होतं.

तिसरा मुद्दा सोयीचा. दरवर्षी माणूस छपरावर चढवा, ब्लीच किंवा आम्ल ओता, प्रेशरच्या पाण्याने धुवा, या उद्योगांपेक्षा एकदा पट्टी ठोकणं स्वस्त आणि सभ्य. मजूर मिळत नाही अशा काळात या मुद्द्याला वजन आहे.

हे सगळं मान्य करून पुढे जाऊ. जस्त शेवाळाला मारक आहे की नाही, हा वादच नाही. वाद आहे तो किती जस्त, किती पाण्यात, कोणत्या पृष्ठभागावर आणि कशासाठी, एवढ्याचा.

उत्तरपक्ष

पाण्यापासूनच सुरुवात करू. पट्टीचा सल्ला जिथे चांगला रुजला आहे त्या अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही रिमझिम. पोर्टलंड शहरात वर्षभराचा पाऊस ९०० ते १००० मिलिमीटर, आणि तो सात-आठ महिन्यांत पसरलेला. छप्पर सतत दमट राहतं, पण त्यावरून लोंढे क्वचित वाहतात. भंडारदऱ्याजवळचं आपलं घाटघर मात्र जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणून ओळखलं जातं. तिथे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजे दिवसाची सरासरी ४० मिलिमीटर, आणि ही सरासरी आषाढातल्या एखाद्या दिवशी कितीतरी पटींनी मागे पडते.

जस्ताचं काम मात्र उलट स्वभावाच्या पावसात चांगलं चालतं. कोरड्या दिवसांत धातूवर विरघळणारा थर साचतो. सर आली की पहिल्या पाण्यात जस्ताचं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि पाऊस चालू राहिला की ते झपाट्याने उतरतं. अधूनमधून भुरभुरणाऱ्या पावसात छपराला असे पहिल्या सरीचे घोट पुन्हा पुन्हा मिळतात. घाटघरला झड लागली की पहिली सर एकदाच येते. पुढे आठवडाभर जे वाहतं ते जवळजवळ निव्वळ पावसाचं पाणी.

हिशेबच मांडून बघू. पाख्याची लांबी आढ्यापासून वळचणीपर्यंत ५ मीटर धरा, उतार ३० अंशांचा, पट्टी १० सेंटीमीटर रुंद. पाख्याच्या एक मीटर रुंदीवर, ५००० मिलिमीटर पावसात, वर्षाला सुमारे २१,५०० लिटर पाणी पडतं. त्यातलं पट्टीच्या अंगावर पडतं ते जेमतेम २ टक्के. उरलेलं सगळं पट्टीच्या खाली, थेट छपरावर. युरोपातल्या मोजण्यांत उघड्या जस्ताच्या एका चौरस मीटरवरून वर्षाला साधारण २ ते ३ ग्रॅम जस्त वाहून जातं. आपला पाऊस कितीतरी जास्त म्हणून हा आकडा उदारपणे २० ग्रॅम धरला, तरी एक मीटर लांबीच्या पट्टीतून वर्षाला २ ग्रॅम जस्त निघेल. ते २१,५०० लिटरांत पसरलं की वळचणीला पोचणाऱ्या पाण्यात लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅमही उरत नाही. आढ्याचं पाणी वळचणीला येतं हे खरं. आढ्याचं जस्त त्याच जोराने येत नाही. म्हणूनच अमेरिकेतसुद्धा पट्टीचा खरा असर तिच्याखालच्या काही फुटांपुरताच धरतात आणि लांब पाख्यावर खाली आणखी ओळी मारायला सांगतात. सल्ला समुद्र ओलांडून आला तेव्हा एवढी पुरवणी मात्र तिकडेच राहिली.

आता पृष्ठभाग. शिंगल सपाट असते, तिच्यावरून पाणी पातळ पडद्यासारखं पसरत उतरतं. मंगळुरी कौलाची गोष्ट वेगळी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्याने आणि सह्याद्रीने ती डोक्यावर घेतली. या कौलाला पाणी वाहून नेणाऱ्या खोलगट पन्हळी असतात आणि मध्ये उंचवटे असतात. एक कौल दुसऱ्यात अडकतं ती खाच वेगळी. पाणी पन्हळीतून पळतं. शेवाळ धरतं ते उंचवट्यांच्या कडेला आणि जिथे वरच्या कौलाचं टोक खालच्यावर टेकतं त्या सांध्यात, कारण धूळ, पालापाचोळा आणि ओल तिथेच थांबते. म्हणजे जस्त मुख्य प्रवाहाबरोबर पुढे निघून जातं आणि शेवाळ काठावर सुखरूप बसून राहतं. कुंभाराच्या जुन्या नळीच्या कौलांवर तर हे आणखी ठळक दिसतं: उताण्या ओळीतून पाणी, पालथ्या ओळीच्या बगलेत हिरवळ.

तिसरी गोष्ट खुद्द शेवाळाची. छपरावर जे काही दिसतं त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण पावसाळ्यात जवळून पाहिलं तर तीन वेगवेगळे जीव ओळखता येतात. काळे-हिरवट, ओले असताना बुळबुळीत आणि वाळले की डांबर उडाल्यासारखे दिसणारे डाग हे सूक्ष्म नीलहरित जिवाणूंचे. मखमली, बोटाने दाबली तर दबणारी हिरवी गादी ही हरितांची, म्हणजे खऱ्या मॉसची. आणि करड्या-पांढऱ्या, कडेने पापुद्रा सुटलेल्या चकत्या म्हणजे दगडफूल. त्याचेच भाऊबंद आपण गोड्या मसाल्यात घालतो. अमेरिकेत डांबरी शिंगलवर जे काळे ओघळ दिसतात ते मुख्यतः पहिल्या प्रकारातले. तिथला पट्टीचा गाजावाजा बराचसा या ओघळांवर मिळालेल्या यशावर उभा आहे. कौलावरच्या जुन्या, जाड हरितांना तोच न्याय लागू होत नाही.

का, तेही पाहण्याजोगं आहे. हरितांच्या पेशीभित्ती पाण्यातला धातू पकडून ठेवतात. हा गुण इतका भरवशाचा, की युरोपातले शास्त्रज्ञ हवेतून किती जड धातू पडतात हे मोजायला रानातलं मॉस गोळा करतात. हीच करामत छपरावरही होते. पट्टीच्या लगत खाली बसलेली गादी आपल्या वाट्याचं जस्त शोषून घेते, प्रसंगी मरतेही, पण तिच्या खालच्या गादीला पाणी गाळून मिळतं. आधीच शेवाळलेल्या छपरावर पट्टी मारणाऱ्याची निराशा होते ती यामुळे. पट्टी हे प्रतिबंधाचं साधन आहे. साचलेलं शेवाळ उखडण्याची ताकद तिच्यात नाही.

धातूला दाद न देणारी मॉसही आहेत. तोक्योतल्या होनमोन्जी मंदिराच्या तांब्याच्या छपराखाली, जिथे पागोळ्यांचं तांबं उतरलेलं पाणी पडतं, नेमकं तिथेच एक मॉस वाढतं. जपानी लोकांनी त्याला त्या मंदिराचंच नाव दिलं. जिथे इतर वनस्पती टिकत नाहीत तिथे त्याला रान मोकळं मिळतं. तांबं जस्तापेक्षा शेवाळाला जास्त मारक, तरी निसर्गाने त्यालाही गिऱ्हाईक शोधून ठेवलं. तेव्हा धातू ठोकला की हिरवळ संपली, हा आत्मविश्वास जरा आवरता घ्यावा.

आता मूळ प्रश्न: शेवाळामुळे छप्पर गळतं का? थंड मुलखात या आरोपात तथ्य आहे. तिथे देवदारासारख्या लाकडाच्या फळ्यांची छपरं असतात. शेवाळाने ओल धरली की लाकूड कुजतं. हिवाळ्यात शेवाळातलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, शिंगलची कड उचलतं आणि पुढचं पाणी आत शिरतं. अकोल्याच्या डांगाणात, म्हणजे पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, हे घडायला वावच नाही. थंडी पडते तोवर आकाश निवळलेलं असतं आणि शेवाळ वाळून तपकिरी झालेलं असतं. डिसेंबर ते मे ते कौलावर निपचित पडून राहतं. मेलेलं नसतं, वळवाचे चार थेंब पडले की काही मिनिटांत हिरवं होतं. पण या काळात ते कौलाचं काही वाकडंही करत नाही. भाजलेली माती त्याला खाता येत नाही आणि कौलात शिरायला त्याला मुळं नाहीत.

मग आपल्याकडची छपरं गळतात कशाने? घाटमाथ्यावरच्या कुठल्याही घरात विचारा, उत्तरं ठरलेली मिळतील: वानरांनी कौलं फोडली, वाऱ्याने सरकवली, रीप कुजली म्हणून ओळ खाली बसली, नवं घर बांधताना उतार कमी ठेवला, पत्र्याच्या खिळ्याचा वॉशर गेला. शेवाळाचा नंबर याच्या बराच खाली. त्याचा खरा अपराध एवढाच, की उतार कमी असेल तर सांध्यातली गादी पाणी अडवते, ते मागे चढतं आणि कौलाच्या वरच्या कडेवरून आत उतरतं. वळचणीला पन्हळ असेल तर तुटून आलेले गोळे ती तुंबवतात. हे दोन्ही अपराध पट्टीने सुटत नाहीत. पहिला उताराने सुटतो, दुसरा पन्हळ झाडल्याने. शेवाळ हे ओल थांबल्याचं लक्षण आहे. ते जिथे दाट आहे तिथे छप्पर आपल्याला सांगत असतं की इथे पाणी रेंगाळतं, फांदी टेकते, ऊन पोचत नाही. लक्षण पुसून टाकलं तर रोग कळणारच नाही.

काही अडचणी निव्वळ हातोडीच्या आहेत. पट्टी ठोकायची कुठे? शिंगलच्या वरच्या ओळीखाली ती सरकवता येते, तरी खिळ्याचं प्रत्येक भोक घाटाच्या वाऱ्यात उद्याची गळती. कौलाला तर खिळा मारताच येत नाही. भोक पाडायला जावं तर कौल तडकतं. राजूर-अकोल्याच्या दुकानात पट्टी म्हणून जे हाती पडेल ते बहुधा शुद्ध जस्त नसतंच. ती लोखंडी पत्र्याची कापलेली फीत असते. चौरस मीटरला १२० ग्रॅम मुलाम्याचा पत्रा घेतला तर प्रत्येक बाजूला जस्ताचा थर भरतो ८ मायक्रॉनच्या आसपास. तो सरला की उरतं लोखंड, आणि शेवाळाच्या हिरव्याऐवजी गंजाचे तांबडे ओघळ. त्यातून रंगीत पत्र्याची फीत असेल तर मुलामा रंगाखाली झाकलेला, शिवाय अशा बऱ्याच पत्र्यांच्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं. त्यातून पावसाला जस्त मिळणार कुठून?

जस्त नको तर तांब्याची तार ताणा, हा त्याच सल्ल्याचा पोटसल्ला तर जास्तच घातक. खाली जस्ती पत्र्याचं छप्पर, पडवी किंवा पन्हळ असेल तर तांब्यावरून उतरलेलं पाणी त्या पत्र्यावर तांब्याचे कण सोडतं. दोन धातू आणि ओल एकत्र आली की विजेचा घट तयार होतो आणि त्यात जस्त खर्ची पडतं. शेवाळ जाईल की नाही देव जाणे, पत्रा मात्र नक्की जाईल.

विरोधकांचीही एक चूक इथेच दुरुस्त केली पाहिजे. पट्टीने पाणी विषारी होतं, विहिरी नासतात, अशी भीती काही पर्यावरणप्रेमी घालतात. वरचाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा. पिण्याच्या पाण्यात जस्ताची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पट्टीचं पाणी त्याच्या पन्नासाव्या हिश्शालाही पोचत नाही. ज्याला पट्टीची धास्ती वाटते त्याने आधी पत्र्याकडे बघावं. ५ मीटर पाख्याचा अख्खा जस्ती पत्रा म्हणजे १० सेंटीमीटरच्या पन्नास पट्ट्या शेजारी शेजारी. त्याखाली अर्धा तालुका वर्षानुवर्षं राहतो आहे. त्यात खाली भातखाचरं. भाताला तर जस्ताची कमतरता झाली की खैरा रोग होतो आणि शेतकरी पैसे मोजून झिंक सल्फेट टाकतो. हीच मापं मासे आणि पाण्यातल्या किड्यांना लावली तर मात्र सावध व्हावं लागतं, कारण त्यांची सहनशक्ती माणसापेक्षा कितीतरी कमी. म्हणून छपरावर झिंक सल्फेटची किंवा मोरचुदाची पूड भुरभुरणं आणि ते पाणी थेट ओढ्यात सोडणं चुकीचंच. पण तो दोष पुडीचा आहे, पट्टीच्या माथी मारू नये. खोट्या आरोपाने खऱ्या खंडनाची धार बोथट होते.

सिद्धान्त

खंडन करून हात झटकणं सोपं. मग करायचं काय, याचं उत्तर याच डोंगरात मुरलेलं आहे. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी आणि ठाकरांची जुनी घरं पाहावीत: कारवीच्या कुडाच्या भिंती, उंच आढं, दोन्ही बाजूंना जमिनीच्या जवळ उतरलेली पाखी. आधी त्यावर गवत-पेंढा होता, मग नळीची कौलं आली, मग मंगळुरी, आता पत्रा. आवरण बदललं तरी पाण्याला उभं राहू द्यायचं नाही, हा नियम टिकला. याच जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डी-जामखेडकडे, पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर. तिथे सपाट धाब्याची, माळवदाची घरं सुखाने नांदली. एका जिल्ह्याला एक छप्पर पुरत नाही, तिथे पोर्टलंडची पट्टी घाटघरला जशीच्या तशी कशी पुरावी?

पहिलं काम उताराचं. शिंगलला साधारणपणे १८ अंशांचा, म्हणजे १२ फुटांना ४ फूट, असा उतार पुरेसा मानतात. ५००० मिलिमीटरच्या पावसात आणि झाडांच्या सावलीत तो कमीच पडतो. कौलाला ३० अंशांच्या पुढे जावं. पाणी जितकं लवकर उतरेल आणि पृष्ठभाग जितका लवकर सुकेल तितकं शेवाळाचं बस्तान ढिलं. दुसरं काम उजेडाचं. उत्तरेच्या पाख्यावर आणि जांभळा-हिरड्याच्या फांदीखाली हिरवळ दाट असते; झाड तोडायचं कारण नाही, छपरावर टेकलेली फांदी छाटली तरी ऊन-वारा पोचतो आणि वानरांचा पूलही तुटतो.

तिसरं काम आतल्या बाजूचं, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. जुन्या घरात चुलीची ऊब आणि धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडत असे. त्याने कौलं, रिपा आणि वासे पावसाळ्यातही आतून शेकले जात. आता गॅस आला. बायकांच्या छातीतला धूर गेला, हे फार चांगलं झालं आणि तो परत येऊ नये. पण त्याबरोबर छपराची शेकोटीही गेली. वर प्लास्टिक किंवा छत मारून आपण उरलीसुरली हवाही कोंडली. आढ्याजवळ झरोका ठेवणं आणि छत मारलं तर वर हवा खेळेल एवढी फट सोडणं, हा त्या गेलेल्या उबेला आजचा पर्याय.

आणि चौथं काम शाकारणीचं. वैशाखात, वळवाच्या आधी, कौलं ओळीने उचलत जायचं. प्रत्येक कौल हातात घ्यायचं, वाजवून पाहायचं; फुटकं असेल तर त्याचा आवाज भद्द येतो. त्या दिवसांत शेवाळ इतकं कोरडं असतं की काथ्याच्या कुंच्याचा एक फटकारा मारला की भुगा होऊन पडतं. ना ब्लीच लागतं ना पाण्याचा प्रेशर, आणि प्रेशरने कौलाचा भाजका वरचा थर उडून ते उलट जास्त पाणी पितं, तेही टळतं. कुजकी रीप बदलायची, सांधा पुन्हा नीट बसवायचा, आढ्यावरच्या पालथ्या कौलांची भेग चुना-सिमेंटने भरायची. पाय थेट कौलावर न देता शिडी आडवी टाकून तिच्यावरून सरकायचं. एवढं केलं की शेवाळ तर जातंच, पण कौलांच्या गळतीची बहुतेक खरी कारणं त्याच फेरीत हाताखालून जातात. पट्टीकडून यातलं एकही होत नाही.

शाकारणी मागे पडली ती शेवाळापायी नव्हे, शाकारणारे हात घोटी-नाशिक-मुंबईच्या कामावर गेले म्हणून. पट्टीची खरी जाहिरात जस्ताच्या गुणावर चालत नाही, ती 'एकदा लावा आणि विसरा' या शब्दांवर चालते. छप्पर ही विसरायची वस्तूच नाही. विसरता येईल असं छप्पर हवं म्हणून लोक स्लॅबकडे वळले आणि आता गळक्या स्लॅबवर अँगल उभे करून पत्र्याचं दुसरं छप्पर घालतात.

पट्टीला जागाच नाही, असं माझं म्हणणं नाही. नवी शिंगल, आखूड पाखं, झाडांची दाट सावली, माणूस चढवणं अवघड, अशा ठिकाणी शुद्ध जस्ताची पट्टी आढ्यालगत आणि काही फुटांवर पुन्हा एकदा, रबरी वॉशरच्या स्क्रूने घट्ट बसवली, तर काळे ओघळ कमी दिसतील. दिसण्याची हौस म्हणून खर्च करायचा तर खुशाल करावा. पण गळती थांबवण्यासाठी म्हणून तो करू नये आणि कौलारू घराच्या मालकाला तर सुचवूही नये.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी परीक्षा सोपी आहे. भंडारदऱ्याभोवती एकाच दिशेला तोंड असलेली, एकाच उताराची, सारखीच सावली पडणारी दोन पाखी निवडावीत. एकाच्या आढ्यावर पट्टी मारावी, दुसऱ्यावर वैशाखात फक्त शाकारणी करावी. दोन पावसाळे जाऊ द्यावेत. मग आढ्यापासून हाताच्या अंतरावर नव्हे, वळचणीपाशी उभं राहून सांध्यांतलं शेवाळ पाहावं आणि घरात शिरून ओल तपासावी. पट्टीचं पाखं त्यात सरस ठरलं तर हा सगळा उत्तरपक्ष मागे घ्यायला हरकत नाही. तोवर त्या पट्टीचे पैसे शाकारणाऱ्याच्या रोजात घालावेत; गावात तो जाणकार अजून आहे तोवरच हा सौदा जमेल.